तपकिरीचा बारावा तपास

भोपाळच्या मराठी घरांत वाढलेल्या पोराला रामरक्षा येत नसली तरी एकवेळ चालायचं, पण तपकीर कोण हे ठाऊक नाही म्हणजे काय! तपकीर ही इंद्रपुरीतल्या एका गल्लीतली म्हातारी कुत्री, रंगाने तपकिरी आणि नाकाने पोलिसांपेक्षा तिखट. तिच्या जोडीला वकील नावाचा मुंगूस, पलंगाखाली, फळीमागे, नालीत, कुठेही घुसणारा. आणि बातमी नावाची साळुंकी, जिच्या तोंडात तीळ भिजत नसे. या तिघांनी मिळून कुणाच्या हरवलेल्या पाटल्या शोधाव्यात, लोणच्याच्या बरणीला ओला हात कुणी लावला ते हुडकून काढावं, आणि शेवटच्या पानावर सगळ्या गल्लीने एका पंगतीला बसून गोडाधोडाचं जेवावं, असा तो सगळा मामला. नलिनीकाकू दर दिवाळीला एक पुस्तक लिहायच्या. शहाऐंशी सालापासून चौतीस पुस्तकं लिहिली बाईंनी, आणि चौतीसपैकी एकातही कुणाला शिक्षा झाली नाही. गुन्हेगार कान पाडून उभा राहायचा, 'चुकलो' म्हणायचा, आणि पंगतीत पहिलं पान त्यालाच वाढलं जायचं.

आता नागपूरच्या एका प्रकाशकाला ही सगळी पुस्तकं नव्याने काढायची होती. जुने छापखाने केव्हाच बंद पडले, तेव्हा एकेक अक्षर पुन्हा टाइप करणं आलं. भोपाळमध्ये धड मराठी टाइप करून देणारं दुकान एकच, अशोका गार्डनमधलं, आणि ते चालवणारी योगिनी. वय छत्तीस, लग्न नाही, घरी एकाहत्तर वर्षांचे वडील. इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस दिगंबरराव पुस्तकांचा गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "नलिनीताईंनी तुझंच नाव सांगितलंय हो. दुसऱ्या कुणाकडे देऊ नका म्हणाल्या." एवढं बोलून ते एकदम बावचळले, कारण गठ्ठ्यात बारावं पुस्तकही आहे हे त्यांना तेव्हा आठवलं. योगिनीने चहा मागवला होता, तो यायच्या आतच ते 'भेल के कारखाने में काम है' असं हिंदीत काहीतरी पुटपुटत पायऱ्या उतरून गेले.

योगिनीने बारावं पुस्तक सगळ्यांत खाली ठेवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

त्याचं कारण सगळ्या इंद्रपुरीला माहीत होतं, तेव्हा इथेही सांगून टाकलेलं बरं. सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये, योगिनी नऊ वर्षांची असताना, तिची आई अलका कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून गेली. दुपारची कटौती चालू होती, लाइट नव्हती. अलकाने पाण्याची बादली उचलली आणि हाक मारली, "योगी, खिडकीचं बटण बंद कर गं, मी पाणी भरते." योगी बटण बंद करायला विसरली. अलकाचा हात कूलरवर असतानाच लाइट आली. झालं, खेळ खलास. सत्तावीस वर्षं ही गोष्ट अशीच सांगितली गेली आणि योगिनीनेही ती अशीच पाठ केली.

खरं म्हणजे तिला आठवायचं, की आपण खिडकीपाशी गेलो होतो, टाचा उंच केल्या होत्या, बटणावर बोट ठेवलं होतं. पण बोट ठेवलं म्हणजे दाबलं का? दाबलं तर कुठल्या बाजूला? नऊ वर्षांच्या पोरीला घरातली, दारातली सगळी मोठी माणसं सांगतायत की बाळा, तू विसरलीस, तर ती किती दिवस नाही नाही म्हणणार? तेराव्यापर्यंत म्हणाली. मग म्हणणंच सोडलं.

कुणी तिला रागावलं नाही हो. वाईट झालं ते तिथेच. तिचे वडील नरहर कारखान्यात इलेक्ट्रिशियन. त्यांनी पोरीला कधी एका शब्दाने दुखवलं नाही, दुसरं लग्न केलं नाही. गल्लीतल्या बायका त्यांचे गोडवे गाताना थकत नसत. "काय देवमाणूस आहे! दुसरा असता तर पोरीचं तोंड बघितलं नसतं त्याने." आणि हे सगळं पोरीच्या देखत बरं का! पोरगी काय करणार? पुढे दोन चांगली स्थळं आली, एक जबलपूरचं, एक नागपूरचं. नागपूरचा मुलगा तर तिला आवडलाही होता. दोन्ही तिने परतवली. ज्या माणसाची बायको आपल्या हातून गेली, त्याला म्हातारपणी एकटं टाकून कुठल्या तोंडाने जायचं?

आणि त्या सत्त्याण्णवच्याच दिवाळीत तपकिरीचं बारावं पुस्तक निघालं होतं, 'कूलरमधलं भूत'. नलिनीकाकू दोन घरं सोडून राहायच्या. त्या स्वतः पुस्तक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्यासाठीच लिहिलंय हं." पोरं करतात तसं योगिनीने आधी शेवटचं पान उघडलं. तिथे छकुली नावाचं कुत्र्याचं पिल्लू कान पाडून सांगत होतं, 'मी बटण बंद करायला विसरले.' शॉक लागलेली मांजर पुस्तकात मेली नव्हती, नुसती बेशुद्ध पडली होती. तिने छकुलीला पोटाशी धरलं आणि सगळी गल्ली आमरस-पुरी जेवली. योगिनी मोरीत जाऊन ओकली. त्यानंतर तिने तपकिरीला हात लावला नाही.

तर आता सत्तावीस वर्षांनी ती पुन्हा त्या गल्लीत शिरली. पहिले काही दिवस जड गेले, मग गंमत वाटायला लागली. दुपारी शटर अर्धं ओढून ती टाइप करायची आणि एकटीच हसायची. बातमी साळुंकीने पंडितजींचं गुपित फोडलं तेव्हा इतकी हसली, की शेजारची शिंपीण कात्री हातात घेऊन डोकावली, "क्या हुआ दीदी, तबीयत तो ठीक है?"

प्रत्येक पुस्तकाच्या मागे चौकटीत तेच छापलेलं असायचं. 'बालमित्रांनो, यातल्या खुणा खऱ्या आहेत. लेखिकेने एकही खोटी खूण घातलेली नाही. शेवट वाचण्याआधी स्वतः तपास करा.' काकूंचा त्याबाबतीत मोठा कडक नेम होता. गल्लीत काही घडलं की त्या तिथे जायच्या आणि सरळ जमिनीवर फतकल मारून बसायच्या. मुंगसाला दिसेल तेवढंच लिहायचं, उभ्या माणसाला दिसतं ते नाही. लोक हसायचे, बाईंना खुर्ची चालत नाही म्हणायचे. पण योगिनीने तेहतीस पुस्तकं डोळ्यांत तेल घालून टाइप केली आणि तिला एकही खूण चुकलेली सापडली नाही. तिसऱ्या प्रकरणात जे सांडलं, तेच शेवटच्या प्रकरणात पुसलं जायचं.

मे उजाडला तेव्हा बारावं तेवढं उरलं होतं. तिने दोन दिवस लाइटची बिलं आणि कुणाकुणाचे अर्ज टाइप करण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी प्यायली, पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. वाचताना डोळा पुढे पळतो, नको ते गाळतो. टाइप करताना ती सोय नाही, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवावंच लागतं. तिसऱ्या प्रकरणात वकील मुंगूस कूलरखाली शिरला आणि योगिनीची बोटं त्याच्यामागून चालली.

'वकील खिडकीखाली पोचला. फरशी ओली होती. भिंतीवरच्या बोर्डाला जळकट वास येत होता आणि त्यात प्लगच नव्हता. बोर्डाचं बटण वर होतं, म्हणजे बंद. कूलरच्या वायरीला काळ्या टेपने दुसरी वायर जोडलेली होती. ती भिंतीच्या कडेकडेने स्वयंपाकघरात गेली होती. वकील तिच्यामागून गेला. ओट्याखालच्या बोर्डात ती वायर लावलेली होती. तिथलं बटण खाली होतं, म्हणजे चालू.'

पूर्णविराम देऊन तिचं बोट तिथेच राहिलं. तिने तो परिच्छेद पुन्हा वाचला, मग आणखी एकदा. बटण वर म्हणजे बंद हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग तिने घाईघाईने शेवटचं प्रकरण काढलं. तिथे छकुली म्हणत होती, 'खिडकीचं बटण चालूच राहिलं.' कसं राहिलं? आत्ताच तर मुंगसाने ते बंद पाहिलं होतं! आणि चालू असतं तरी काय बिघडलं असतं, त्यात प्लगच नव्हता. कूलरला वीज मिळत होती ओट्याखालून. छकुलीने खिडकीचं बटण शंभर वेळा बंद केलं असतं, तरी मांजरीला शॉक लागायचा तो लागलाच असता.

चौतीस पुस्तकांत बाईंची ही एकच चूक निघाली होती. खुणा खऱ्या आहेत, एकही खोटी नाही. तिने कॉम्प्युटर बंद केला, पुस्तक पिशवीत टाकलं आणि भर उन्हात ऑटो करून इंद्रपुरी गाठली. रस्ताभर तिला आपल्याच उजव्या हाताचं पहिलं बोट दिसत होतं.

नलिनीकाकू आता एकोणऐंशीच्या. दिवाणावर बसून लसूण सोलत होत्या. योगिनीने चपला काढल्या आणि बसण्याआधीच विचारलं, "काकू, बाराव्या पुस्तकात बटण तिसऱ्या प्रकरणात बंद आहे आणि शेवटच्यात चालू आहे. मी काय टाइप करू?"

काकूंच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "तिसऱ्यातलं खरं आहे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बैस."

"मी उभी आहे ती ठीक आहे."

"तुझी किंकाळी ऐकून सगळ्यांत आधी मी आले होते. पाटाने ढकलून अलकाचा हात सोडवला, मेन बंद केला. बाकीच्या बायका तुला बाहेर घेऊन गेल्या, रिक्षा बघायला पळाल्या. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसले होते. तिच्यात काही उरलं नव्हतं गं. पण बसल्या जागेवरून मला सगळं दिसत होतं. खिडकीचं बटण दिसलं, ती वायर दिसली. मग नरहरराव कारखान्यातून धावत आले. त्यांनी अलकाकडे बघितलं नाही आधी. स्वयंपाकघरात गेले, प्लग उपटला, जोडलेली वायर सोडवली. कूलरचा प्लग खिडकीच्या बोर्डात घातला आणि बटण खाली केलं. आणि मग मोठ्याने रडायला लागले. पोलीस आले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं."

"बाबांनी?" योगिनी म्हणाली. "माझ्या बाबांनी?"

"पहाटे खिडकीचा बोर्ड जळाला, म्हणून त्यांनी ओट्याखालून वायर ओढली होती. पहिली पाळी होती, घाईत गेले. अलकाला सांगायचं राहून गेलं. मुद्दाम कोण करतं का असं? पण कायदा विचारतो का मुद्दाम म्हणून? इलेक्ट्रिशियन माणूस, उघडी टेप मारलेली वायर. केस झाली असती, नोकरी गेली असती. दुसऱ्या दिवशी माझे पाय धरले त्यांनी. म्हणाले, आई गेली, बाप आत गेला तर पोरीला कोण बघणार? पोरगी बटण विसरली म्हणू. लहान आहे, तिला कोण काय बोलणार आहे?"

"आणि तुम्हाला ते पटलं."

"पटलं," काकू म्हणाल्या. "लहान मुलाचा अपराध लोक पोटात घालतात, योगी. मोठ्यांचा नाही घालत. झाकली मूठ राहील, वर्षभरात पोर विसरून जाईल, असं वाटलं मला."

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत!"

"फाशी कुठे गं? कुणी तुला एक वाकडा शब्द तरी बोललं का?"

"बोलायला हवं होतं!" योगिनी ओरडलीच. "कुणी थोबाडीत मारली असती तर मी भांडले असते! म्हटलं असतं, मी बंद केलं होतं, मला आठवतंय! तुम्ही सगळ्यांनी मिळून मला माफ केलंत. माफ केल्यावर भांडायचं कुणाशी?"

काकू रडायला लागल्या होत्या. रडतारडताच म्हणाल्या, "खोटी खूण मला लिहिता येईना. शेवट लिहिला कसाबसा. म्हटलं, हुशार पोर आहे, जरा मोठी झाली की नीट वाचेल, तिचं तिला कळेल. मग तू वाचायचंच सोडलंस. आता डोळे चाललेत माझे, म्हणून दिगंबररावांना म्हटलं, योगीलाच द्या. टाइप करताना तरी..."

"दोन घरं सोडून राहत होतात काकू. सत्तावीस वर्षं. दर संक्रांतीला तिळगूळ घेतलात माझ्या हातून. पुस्तकं लिहीत बसण्यापेक्षा तोंडाने सांगता येत नव्हतं?"

काकू हात जोडायला लागल्या, तेव्हा योगिनीला ते बघवेना. किळसही आली आणि दयाही आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच संताप आला. चपला पायात अडकवून ती बाहेर पडली.

घरी नरहर बनियनवर कूलरसमोर खुर्ची टाकून बसले होते. गुडघ्यांनी सतावल्यापासून त्यांचा दिवस तिथेच जायचा. मुलगी अवेळी घरी आली हे त्यांच्या लक्षात आलं, तिच्या हातातलं पुस्तकही लक्षात आलं. ते वाऱ्याकडे तोंड करून बसून राहिले.

योगिनी त्यांच्यासमोर उभी राहिली. "बाबा, मी त्या दिवशी बटण बंद केलं होतं का?"

"आता काय त्याचं?"

"केलं होतं की नव्हतं?"

"म्हातारीने काहीतरी भरवलेलं दिसतंय तुला."

"बाबा, मी वायरीचं विचारत नाहीये. प्लगचं विचारत नाहीये. मला फक्त बटणाचं सांगा."

नरहरांनी गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "केलं होतंस."

एवढ्या दोन शब्दांसाठी ती नऊ वर्षांची असताना रात्र रात्र जागली होती. आता ते आले, तर तिला बरं वाटेना. तिने खिडकीची कड धरली.

"तेव्हा पोलिसांना घाबरलात, हे समजू शकते मी," ती म्हणाली. "पण नोकरी संपून अकरा वर्षं झाली तुम्हाला. तेव्हा का नाही सांगितलंत? नागपूरचं स्थळ आलं होतं, तुमच्या पायाशी बसून मी म्हटलं होतं, की आईचं असं केल्यावर मी तुम्हाला सोडून जाणार नाही. तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात बाबा. तेव्हा तरी सांगायचं होतंत!"

नरहर जे बोलले, ते त्यांनी कूलरकडे बघत सांगितलं, आणि इतक्या साधेपणाने सांगितलं, की जणू भाजी कुठली आणायची ते सांगतायत. "खरं सांगितलं असतं तर तू राहिली असतीस का इथे?"

योगिनी त्यांच्याकडे बघत राहिली. पांढरी छाती, बनियनचं भोक, त्या बनियनला तिनेच गेल्या आठवड्यात नीळ घातली होती. अख्ख्या गल्लीचा देवमाणूस. भीतीपोटी एक दिवस खोटं बोलला असता तर तिने पदरात घेतलं असतं. पण हा माणूस रोज सकाळी उठून, तिच्या हातचा चहा पिऊन, तेच खोटं पुन्हा बोलत आला होता.

"राहिले असते, बाबा," ती म्हणाली. "तुमची मुलगी म्हणून राहिले असते."

"मी तुला कधी एका शब्दाने..." नरहरांनी सुरू केलं, पण ती आत निघून गेली होती.

स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून ती खाली फरशीवर बसली. अलका गेली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. आता मुलगी आईपेक्षा चार वर्षांनी मोठी. आणि इतक्या वर्षांत ती आईसाठी एकदाही रडली नव्हती. तेव्हा सगळी गल्ली रडत होती आणि ती कोपऱ्यात कोरडी बसून होती. ज्याच्या हातून माणूस गेलं त्याने गळा काढायचा नसतो, हे तिला कुणी न सांगता कळलं होतं. आता आईचा चेहरा आठवायला गेली तर नीट आठवेना. आठवली ती हाकच, 'योगी, बटण बंद कर गं.' त्या हाकेत राग नव्हता, घाई नव्हती. पोर सांगितलेलं करील, एवढा भरवसा होता.

"मी केलं होतं गं," योगिनी म्हणाली. "आई, मी केलं होतं." आणि मग तिला जो हुंदका फुटला, तो तिला आवरेना. तोंडात पदर कोंबावा तर अंगात कुर्ता, पदर कुठला. लहान पोरीसारखी ती मोकळा गळा काढून रडली.

बाहेर खुर्ची करकरली. "योगी, काय झालं?" नरहरांनी विचारलं. ती रडत राहिली. थोडा वेळ गेला. सहा वाजले असावेत, कारण त्यांनी पुन्हा हाक मारली, या खेपेला जरा दबकत, "योगी, चहा टाकतेस ना?"

योगिनी उठली नाही. घरातलं माणूस गेलं की त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत.